धुळ्याहून कन्नड घाटमार्गे संभाजीनगर: आत्ता घाट कसा आहे?

मावसभावाच्या साखरपुड्यासाठी धुळ्याहून संभाजीनगरला जायचं होतं. शेजारच्या दाजींनी निघतानाच टोकलं, "आरे दम धर, घाट कोठे पयी जास का?" (घाट कुठे पळून जातोय का?) रस्ता पाहिल्यावर त्यांचं म्हणणं पटलं.

धुळे ते चाळीसगाव आता चौपदरी आहे. पूर्वीचा 211, आताचा राष्ट्रीय महामार्ग 52. दुतर्फा कापूस नि केळी, गाडी नव्वदच्या खाली यायला तयार नसते. खरी भानगड घाटाच्या पायथ्याच्या बोढरे गावापाशी सुरू होते. चौपदरी तिथं संपतो आणि पुढे तोच जुना, वळणावळणाचा दुपदरी घाट. वर तेलवाडीला चौपदरी पुन्हा चालू. म्हणजे दोन्हीकडून माणूस वेगाची सवय लावून घाटात शिरतो. माझ्या मते इथली निम्मी भीती घाटाची नसून या दोन टोकांची आहे. बोढरे दिसलं की तिथूनच वेग कमी करा, पहिल्या वळणाची वाट पाहू नका.

घाटाचं कागदोपत्री नाव औट्रम घाट. खान्देशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यावरून पडलेलं. गौताळा अभयारण्य दोन्ही अंगाला, त्यामुळे वाटेल तसं रुंदीकरण करता येत नाही. शिवाय डोंगर कातळाचा असला तरी थरांमध्ये मुरमाड माती आहे. पावसाचं पाणी तिथं मुरतं आणि दरड सुटते. 31 ऑगस्ट 2021 ला एका रात्रीच्या पावसाने ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, घाट बंद पडला आणि खाली चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी घराघरांत शिरलं. तेव्हापासून मी घाटात डांबरापेक्षा गटारी आणि मोऱ्या आधी बघतो. कडेची गटार मातीने भरलेली असेल तर रस्ता कितीही गुळगुळीत असो, पावसाळ्यात तो भरवशाचा नाही. या फेरीतही एक-दोन वळणांवर पाणी रस्त्यावरूनच वाहत होतं.

मोठा बदल मात्र रस्त्यात झालेला नाही, रहदारीत झालाय. उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठाच्या आदेशानंतर ऑगस्ट 2023 पासून अवजड वाहनांना घाट बंद आहे. पूर्वी एखादा कंटेनर वळणावर अडकला की तासन्‌तास रांग, आणि रांगेत पोरांची रडारड. आता कार, जीप, दुचाकी निवांत चढतात. ट्रकवाल्यांना मात्र नांदगाव, तलवाडा, शिऊर बंगला, देवगाव रंगारी, कसाबखेडा असा वळसा पडतो. डिझेल त्यांचं जळतं, सुख आपल्याला. पाऊस लागून घाट बंद झाला तर आपल्यालाही हाच रस्ता, तेव्हा नावं लिहून ठेवा.

कायमचा तोडगा म्हणजे तेलवाडी ते बोढरे दरम्यानचा सुमारे साडेपाच किलोमीटरचा बोगदा. चाळीसगावच्या चहाच्या टपरीवर हा विषय काढलात तर अर्धा तास गेलाच समजा! बोगदा झाला की घाटाची वळणं हौशी लोकांना मोकळी राहतील. तोवर घाटाच्या गटारी साफ ठेवणं, वळणांवरचे आरसे पुसणं आणि कठडे दुरुस्त करणं यातलं काहीच थांबता कामा नये. बोगदा येणार म्हणून आहे त्या रस्त्याकडे काणाडोळा होतो, हीच मला धास्ती वाटते.

जाणाऱ्यांसाठी: पेट्रोल, हवा, ब्रेक चाळीसगावातच बघून घ्या. उतरताना न्यूट्रल अजिबात नको. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, नाहीतर पायथ्याला येईपर्यंत ब्रेकचा वास येतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. वळणावर हॉर्न वाजवा, ओव्हरटेक नकोच. पावसाळ्यात दरीपेक्षा डोंगराच्या कडेचा धोका जास्त, त्या बाजूला सेल्फीसाठी गाडी लावू नका. माकडांना खाऊ घालू नका, ती रस्त्यावर येऊन बसतात. रात्री शक्यतो टाळा: धुकं असतं, जनावरं आडवी येतात आणि मोबाइलची रेंज मध्येच जाते.

जळगाव-भुसावळकडच्यांनी इकडे वाकडी वाट करू नये, त्यांना अजिंठा-सिल्लोडचाच रस्ता सरळ पडतो. आणि धुळ्याहून जाणाऱ्यांनी शेवभाजी परतल्यावर खावी, जाताना नको. मागच्या सीटवरच्यांना वळणं लागतात.