'करतोयस'मधला 'आहेस'

मालवणात मी बारावीला इंग्रजी शिकवते. ऐन पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्यामुळे एरवी पहाटे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जाऊन वर्गात पेंगणारी मुलंही त्या दिवशी ताजीतवानी होती. सकाळपासून पाऊस, वीज नाही, रेंज नाही. पण बीबीसीच्या 'सिक्स मिनिट इंग्लिश' या पॉडकास्टचा एक भाग मी आदल्या रात्रीच मोबाइलवर उतरवून ठेवला होता.

त्यातलं एक वाक्य तीनदा ऐकवलं आणि म्हटलं, ऐकलंत ते लिहा. व्याकरणात सगळ्यांच्या पुढे असलेल्या मुलाने मधली जागा कोरी सोडली. बीबीसीच्या साइटवर भागाचा लिखित मजकूर मिळतो, तोही मी उतरवून ठेवला होता. तो त्याच्यासमोर धरला. कोऱ्या जागी होतं 'शुड हॅव'. तो जवळजवळ भांडायलाच उठला. "मॅडम, ह्यो शब्द माका येता. पण तो माणूस ह्यो बोल्लोच नाय!"

मागून एक मुलगी म्हणाली, "स्पीड कमी करा ना." केला. आवाज लांबला, घोगरा झाला, पण 'हॅव' काही बाहेर येईना. येणार कसा? बोलणाऱ्याच्या तोंडून 'शुडव' एवढंच निघालं होतं. इंग्रजी माणूस महत्त्वाच्या शब्दांवर जोर देतो आणि मधले बारके शब्द दाबून, एकमेकांना चिकटवून पुढे पळतो. आपण मराठीत अक्षराअक्षराला जवळजवळ सारखी जागा देतो, म्हणून आपला कान पुस्तकातला अख्खा 'हॅव' शोधत बसतो.

मी फळ्यावर लिहिलं : 'काय करतो आहेस?' विचारलं, घरी असं कोण बोलतं? कोणीच नाही. सगळे 'करतोयस' म्हणतात. मराठी शिकणारा परका माणूस त्यात 'आहेस' शोधेल, तर त्याला सापडेल का? वर्ग एकदम शांत झाला. मग पत्र्यावरच्या पावसाच्या वर आवाज काढून आम्ही वीसेक वेळा 'शुडव' म्हटलं आणि तोच तुकडा पुन्हा लावला. या वेळी त्या मुलाने मान वर न करता लिहिलं.

इतकी वर्षं मी मुलांना नुसतं 'इंग्रजी ऐकत जा' सांगत आले, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं. तासभर कानावरून वाहू देण्यापेक्षा एक मिनिट ऐकावं, लिहावं, मजकुराशी ताडावं आणि चुकलेला तुकडा स्वतःच्या तोंडाने म्हणावा. गाणी चालतील का, असं मुलींनी विचारलं. चालतील की! फक्त स्क्रीनवरचे शब्द आधी झाकायचे. चालीसाठी गाण्यात स्वर ताणले जातात, जोर भलतीकडे पडतो. म्हणून बोलण्याचा वेग कळायला पॉडकास्टच हवा. पण शब्द जोडायची सवय जिभेला गाण्यानेही लागते.

आठवड्याने तो मुलगा कानात इयरफोन घालूनच स्टाफरूमच्या दाराशी आला. कुठलंसं इंग्रजी गाणं चालू होतं.

"मॅडम, ह्यात 'हॅव' गावलो!"