आमची वाटचाल : रेडिओ दुरुस्तीपासून रेकॉर्ड प्लेअरपर्यंत

नाशिकमध्ये रेकॉर्ड प्लेअर आता मोबाइलच्या दुकानातही मिळतो. पण गिऱ्हाइकासमोर सुईचं वजन, म्हणजे ती रेकॉर्डवर किती भार टाकते ते, काट्यावर दाखवल्याशिवाय सेट बांधून द्यायचा नाही, ही पद्धत आमच्या दुकानाची. ती आम्ही कुणाकडून उचललेली नाही.

वडिलांनी रविवार कारंज्याजवळच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, आणि त्यांच्या जोडीला एचएमव्हीचे फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर, गॅरार्ड आणि बीएसआरचे चेंजर, म्हणजे एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारे सेट. चेंजर उघडायचं काम मिस्त्रींचं. मिस्त्री म्हणजे वडिलांचे भागीदार, कागदावर चार आणे आणि कामात बारा. त्यांची हत्यारं आजही माझ्या टेबलावर आहेत. घड्याळजीचे स्क्रू-ड्रायव्हर, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी, आयडलरचं, म्हणजे रेकॉर्डची थाळी फिरवणाऱ्या चाकाचं, रबर घासायचा पॉलिश पेपर आणि स्ट्रोबची, म्हणजे स्पीड तपासायची रेघांची, पुठ्ठ्याची तबकडी. ती प्लॅटरवर, म्हणजे त्या थाळीवर, ठेवून वर विजेबरोबर लुकलुकणारा दिवा धरायचा. स्पीड मिनिटाला बरोबर 33⅓ फेरे असला की 180 रेघा जागच्या जागी उभ्या राहतात. घरातल्या बहुतेक एलईडी दिव्यांखाली हे नीट दिसत नाही, म्हणून निऑनचा एक छोटा दिवा मी जपून ठेवला आहे. नेटवरून स्ट्रोब छापून घेणार असाल तर रेघा आधी मोजा. 216 असतील तर तो 60 हर्ट्झची वीज असलेल्या देशांचा आहे, इथे तो खोटंच सांगणार.

हाच घोळ अमेरिकेहून आणलेल्या सेटचा. मुलगा जुना सेट घेऊन येतो, घरचे ट्रान्सफॉर्मर लावून त्याला 110 व्होल्ट देतात. व्होल्टेज जमतं, पण आपली वीज 50 हर्ट्झची. एसी मोटरचा सेट असेल तर प्लॅटर 33 ऐवजी जेमतेम 28 फेरे घेतो आणि काळी चारमधलं गाणं पांढरी चारवर येतं. लोकांना वाटतं रेकॉर्ड खराब झाली. डीसी मोटरच्या सेटला ही अडचण नाही, त्याला योग्य ॲडॅप्टर मिळाला की झालं.

मधली कॅसेट आणि सीडीची वर्षं बरी गेली. मिस्त्री गेले, वडील थकले, दुकान माझ्याकडे आलं. रेकॉर्ड पुन्हा विचारल्या जाऊ लागल्या तेव्हा पतसंस्थेचं कर्ज काढून मी चांगले सेट भरले. मॅग्नेटिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिचे हादरे विजेत बदलणारा भाग), बदलता येणारी हिऱ्याची सुई, आत प्रीॲम्प (कार्ट्रिजचा बारीक आवाज वाढवणारा भाग), स्पीकर वेगळे. नव्या ऐकणाऱ्याने घरी न्यावं, दोन वायरी जोडाव्या आणि ऐकायला बसावं, असा हिशोब होता.

त्याच दिवाळीत कॉलेज रोडच्या बाजूला एका मोठ्या शोरूमने सुटकेसवाले सेट मांडले. रंगीत रेक्झिन, आतच स्पीकर, ब्लूटूथ, किंमत आमच्या निम्म्याहून कमी. धंद्यात स्पर्धा असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांनी आमच्याबद्दल जे पसरवलं त्याची. रविवार कारंज्यावर जुने सेट रंगवून नवे म्हणून विकतात, असं त्यांच्या काउंटरवरून सांगितलं जायचं. माझ्या सख्ख्या मावसभावाने ते तिथे उभं राहून ऐकलं. आमची खोकी फोडलेली नव्हती, बिलं होती, गॅरंटी कार्डं होती. तरी दिवाळीचा सीझन कोरडा गेला. संक्रांतीपर्यंत पतसंस्थेचे हप्ते थकले, आणि मागची खोली भाड्याने देऊन मी कसेबसे दिवस काढले. बायकोने शिकवण्या वाढवल्या. दुकानावरची पाटी बदलून मोबाइलची कव्हरं विकावीत, असा सल्ला देणारे रोज भेटायचे.

शोरूमचे सेट दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे दुरुस्तीला येऊ लागले. तिथे तक्रार केली की उत्तर ठरलेलं: तुमच्या रेकॉर्डवर चरे आहेत.

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, कुमार गंधर्वांचे भक्त. जावयाने त्यांना तसाच एक सुटकेस सेट भेट दिला होता. ते तो घेऊन आले, सोबत एक एलपी. म्हणाले, "अरे, तान वर गेली की आवाज फाटतोय. रेकॉर्ड तर मी फुलासारखी ठेवलीये." सराफ बाजारातल्या एका पेढीवरून घेतलेला जुना काटा माझ्याकडे होता. त्याचं ताट पोलादी, आणि मॅग्नेटिक कार्ट्रिज पोलादाला ओढलं जातं, म्हणून वर लाकडाचा तुकडा ठेवतो आणि तो रेकॉर्डच्या उंचीला आणतो. काकांच्या सेटची लाल सुई त्यावर टेकवली. साडेपाच ग्रॅमच्या वर. मग आमच्या सेटची टेकवली. तीन ग्रॅम. काकांनी चष्मा काढून आकडा दोनदा वाचला.

सुटकेस सेटमधल्या सिरॅमिक कार्ट्रिजला एवढं वजन लागतंच, त्याशिवाय ते खोबणीत टिकत नाही. त्यावर नीलमची सुई असेल तर काही डझन तासांत ती झिजते आणि झिजलेली सुई खोबण खरवडत जाते. हिऱ्याची शेकडो तास चालते. त्यात स्पीकर त्याच खोक्यात, म्हणजे आवाज वाढवला की खोकं हादरतं, ते हादरे सुईपर्यंत जातात आणि तबल्याच्या घुमाऱ्यावर सुई उडते. कुणाच्याही रेकॉर्डवर चरे नव्हते.

त्यानंतर काका दर शनिवारी बसने यायचे आणि दुपारभर दुकानात बसायचे. आधीच झिजलेली एक रेकॉर्ड त्यांनी मुद्दाम या कामाला ठेवली होती. येणाऱ्याला ती दोन्ही सेटवर ऐकवायची, काटा दाखवायचा, मग तो काय घेतो ते त्याच्यावर सोडायचं. देवळाली कॅम्पातल्या एका पारशी कुटुंबाने घरातले तीन जुने सेट आमच्याकडे दिले ते काकांच्या शब्दावर. पतसंस्थेचा शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी पेढ्याचा पहिला पुडा नाशिकरोडला गेला.

आता अनेक जण दुकानात न येता फोनवरच विचारतात, म्हणून इथेच सांगून टाकतो. तोच स्वस्त सेट घ्यायचा असेल तर घ्या, पण घरच्या जुन्या चांगल्या रेकॉर्ड त्यावर लावू नका. सुई बदलता येते का आणि तिचं नाव खोक्यावर लिहिलंय का, हे पैसे देण्याआधी बघा. ब्लूटूथ आहे म्हटल्यावर कुठल्या दिशेचं ते विचारा. बहुतेक स्वस्त सेट फोनचं गाणं आत घेतात, रेकॉर्डचा आवाज बाहेरच्या स्पीकरला पाठवत नाहीत. प्रीॲम्प आत असलेला सेट ॲम्पच्या फोनो सॉकेटमध्ये लावलात तर आवाज फाटेल, कारण ते सॉकेट प्रीॲम्प नसलेल्या सेटसाठी असतं; त्याला ऑक्सचं सॉकेट द्या. सोफ्याच्या हातावर सेट ठेवू नका.

आणि आजोबांच्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, रेकॉर्ड. सेटवर 78 चं बटण आहे म्हणून त्या लावायच्या नाहीत. त्यांची खोबण रुंद, एलपीची सुई तळाशी लोळते, खरखर तेवढी ऐकू येते. त्यासाठी जाड सुई वेगळी मिळते, आम्ही ठेवतो. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने पुसल्यात तर विरघळतील. बालगंधर्वांच्या दोन रेकॉर्ड अशा पुसलेल्या आमच्याकडे आल्या होत्या, त्यांचं काहीच करता आलं नाही.

त्या शोरूमने सुटकेस सेट ठेवणं आता बंद केलं आहे. त्यांच्याकडून घेतलेले सेट दुरुस्तीला अजून आमच्याकडे येतात. सुई आम्ही बदलून देतो, रेकॉर्डला दोष देत नाही. येताना घरची एक रेकॉर्ड घेऊन या, आणि शनिवारी आलात तर काकाही भेटतील.