आमची वाटचाल : चामडी वॉशर ते दोनशे बार

कोल्हापुरात एअर रायफल आणि एअर पिस्तुलांची दुरुस्ती, छर्रे आणि टार्गेट कार्डांची विक्री, शाळा आणि क्लबांसाठी दहा मीटरच्या रेंजची उभारणी, एवढा आमचा व्यवसाय. काडतुसाच्या बंदुकीला आमच्याकडे हात लावला जात नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे तिच्या दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो आणि तो आमच्याकडे नाही. ४.५ मिमी कॅलिबरची, २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेची एअरगन विनापरवाना ठेवता येते. आमचं सगळं काम या मर्यादेच्या आतलं. 'पॉवर वाढवून द्या' ही मागणी महिन्यातून दोनदा तरी येते. तिला पहिल्या दिवसापासून उत्तर एकच आहे: नाही.

सुरुवातीची सगळी वर्षं स्प्रिंगच्या बंदुकांची. यांत दाबलेली स्प्रिंग सुटून पिस्टन पुढे ढकलते आणि पिस्टनने दाबलेल्या हवेने छर्रा उडतो. टेबलावर येणाऱ्या बंदुकांची तक्रार ठरलेली असायची, 'जोर राहिला नाही'. उघडली की आत पिस्टनचं चामडी वॉशर वाळून आक्रसलेलं. वॉशर आक्रसलं की पिस्टनच्या कडेने हवा निसटते आणि छर्रा अर्ध्या जोराने जातो. खरा इलाज म्हणजे चामड्यासाठीच्या नीट्सफूट तेलात वॉशर रात्रभर भिजत ठेवायचं, निथळून घ्यायचं आणि मग बसवायचं. घराघरांत मात्र हवेच्या भोकातून शिलाई मशीनचं तेल सोडलं जायचं. त्या तेलाची वाफ दाबाखाली पेट घेते. आवाज मोठा येतो, नळीतून धूर निघतो आणि मालकाला वाटतं बंदूक सुधारली. प्रत्यक्षात वॉशर करपत असतं आणि स्प्रिंगला मागे धक्का बसत असतो. अशा दहा-वीस बारांनंतर तीच बंदूक तुटलेली स्प्रिंग घेऊन परत यायची.

दुसरा ठरलेला बिघाड छर्रा न घालता घोडा दाबण्याचा. पिस्टन पुढे येताना छऱ्यामागे दाबलेली हवा उशीसारखी त्याला अडवते. छर्राच नसेल तर हवा मोकळी निघून जाते आणि पिस्टन थेट लोखंडावर आदळतो. म्हणून स्प्रिंगची बंदूक विकताना आम्ही तीन गोष्टी पावतीच्या मागेच छापून देऊ लागलो: रिकामा बार नको, ताणून ठेवलेली बंदूक कोपऱ्यात उभी करायची नाही, छर्रा घालताना लिव्हर किंवा नळी दुसऱ्या हाताने पक्की धरायची. तिसरी गोष्ट बोटांसाठी आहे. कडी निसटली तर लिव्हर परत येते ती बोट घेऊनच. आणि मागची पिन काढून स्प्रिंग घरी उघडायचा प्रयत्न कुणीही करू नये. बसवलेल्या अवस्थेतही ती दाबलेलीच असते. आम्ही ती स्प्रिंग दाबून धरणाऱ्या शिकंजात धरूनच सोडतो.

२००८ मध्ये नेमबाज अभिनव बिंद्राला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण मिळालं, २०१० मध्ये आपल्या तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, विश्वविजेत्या झाल्या, आणि दुकानाच्या पायऱ्या चढणारा माणूस बदलला. आंब्याच्या बागेतली माकडं हाकलायला बंदूक मागणाऱ्यांच्या जागी आठवी-नववीतल्या मुलामुलींचे आईवडील येऊ लागले. पक्षी मारायला एअरगन हवी, असं म्हणणाऱ्याला आम्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ दाखवून परत पाठवतो. मुलांच्या आईवडिलांबरोबर तास-दोन तास बसतो. २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकल्यावर ही गर्दी आणखी वाढली. त्याचा प्रकार .२२ काडतुसाच्या रायफलीचा असला, तरी मुलांची सुरुवात दहा मीटरवरच्या हवेच्या रायफलीने होते.

या रायफलीत स्प्रिंग नसते. दाबलेली हवा सिलिंडरमध्ये असते, बहुतेक २०० बारची (इथे बार म्हणजे दाबाचं माप). मधला रेग्युलेटर ती ७०-८० बारच्या आसपास आणून पुढे देतो आणि प्रत्येक शॉटला तेवढीच हवा सुटते. छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या घरात, म्हणजे ऊर्जा जेमतेम साडेसात ज्यूल. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे बंदूक नुसती चालणं पुरत नाही, प्रत्येक वेळी सारखी चालावी लागते. आमचं काम खऱ्या अर्थाने इथून सुरू झालं आणि टेबलावर पान्यांच्या शेजारी छऱ्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ आला.

सगळ्यात जास्त रायफली एकाच तक्रारीवर येतात: 'पहिला शॉट वर जातो, मग ठीक.' मूल स्वतःला दोष देत असतं, प्रशिक्षक श्वासाला. आम्ही रायफल रात्रभर भरलेली ठेवतो आणि सकाळी क्रोनोग्राफवर पहिले पाच शॉट मोजतो. चांगल्या रायफलीत पाचही शॉटचे वेग सेकंदाला दोन-तीन मीटरच्या फरकात बसतात. पहिला आठ-दहा मीटरने जास्त आला, की रेग्युलेटरच्या सीटवर, म्हणजे हवा बंद करणाऱ्या बैठकीवर, कचरा आहे किंवा तिला चरा पडला आहे. हवा बंद व्हायला हवी तिथे ती थेंबाथेंबाने झिरपते, रात्रभरात पुढच्या कप्प्यातला दाब वाढतो आणि पहिल्या छऱ्याला जास्त धक्का मिळतो. रेग्युलेटर उघडला की भिंगाखाली सीटवर बारीक पांढरट कण दिसतात. कधी तो गंजलेल्या ॲल्युमिनियमचा चुरा असतो, कधी पंपाच्या वाळवणाऱ्या गोळ्यांची पूड. सीट आणि ओ-रिंग (हवा रोखणारी रबरी कडी) बदलून काम भागतं, पण हवा तीच राहिली तर सहा महिन्यांत रायफल पुन्हा टेबलावर येते.

म्हणून आम्ही रायफलीपेक्षा हवेच्या मागे लागलो. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत पाणी किती असतं हे इथल्या कुणाला सांगायला नको. हातपंपाने ती हवा दोनशे पट दाबली की पाणी सुटं होतं आणि सिलिंडरच्या तळाशी बसतं. हातपंपाने भरायचंच असेल तर चाळीस-पन्नास ठोक्यांनंतर ब्लीड स्क्रू सोडून पाणी उडवायचं, पंप गार होऊ द्यायचा, मगच पुढे. पंपातल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून परत घ्यायचे किंवा टाकून द्यायचे. पावसाळ्यात शक्यतो डायव्हिंगच्या टाकीतली कोरडी हवाच वापरावी.

आमच्याकडे भरायला दोन टाक्या आहेत, कमी दाबाची आणि जास्त दाबाची. सिलिंडर आधी कमी दाबाच्या टाकीला जोडायचा, दोन्हीकडचा दाब सारखा झाला की जास्त दाबाच्या टाकीवरून उरलेलं भरायचं. एकाच टाकीवर सगळं भरलं तर ती लवकर १८० वर येते आणि मग २०० कुणालाच मिळत नाही. व्हॉल्व्ह हळू उघडायचा. झटक्यात भरलं की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि अर्ध्या तासाने सिलिंडर गार झाल्यावर १८५ वर येतो. आदल्या संध्याकाळी ३० अंशाला भरलेला सिलिंडर पहाटे २० अंशाला सहा-सात बार कमी दाखवतो, ती गळती नव्हे. खरी गळती साबणाच्या फेसाने शोधावी. आट्यांवर ब्रशने फेस लावून दोन मिनिटं बघत बसायचं, बुडबुडा आला तर ओ-रिंग गेली. ती बदलताना फक्त सिलिकॉन ग्रीस वापरायचं, तेही बोटाला लागून चमक येईल इतकंच. साधं तेल किंवा ग्रीस उच्च दाबाच्या हवेत स्फोट घडवू शकतं. हे वाक्य आमच्या भरण्याच्या जागेवर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे.

रेंज उभारायचं काम शाळांमुळे आलं. नेमाच्या फळ्यामागचे लोखंडी सापळे आम्ही उद्यमनगरातल्या कारखान्यांत कापून, वाकवून घेतो. पत्रा ४ मिमीचा, छऱ्याच्या दिशेला तिरका, म्हणजे शिसं आदळून खालच्या ट्रेमध्ये पडतं. सुरुवातीला काही ठिकाणी आधीपासूनच सरळ उभी पाटी लावलेली होती. तिच्यावरून शिशाचे तुकडे चार-पाच मीटर मागे येतात. लेन किमान एक मीटर रुंद, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर, टार्गेटवर उजेड किमान १५०० लक्स. उजेडाचे दिवे टार्गेटवरच रोखायचे, नेमबाजाच्या डोळ्यावर नव्हे. यातलं उजेडाचं माप सगळ्यात जास्त वेळा चुकतं, कारण ते डोळ्याला पुरेसं वाटतं. आता मोबाइलच्या भरवशावर न राहता लक्समीटर घेऊनच जातो.

शिशाबद्दल मात्र आम्ही सक्तीने बोलतो. वीस मुलं रोज शंभर छर्रे मारतात, म्हणजे दिवसाला किलोभर शिसं सापळ्यात पडतं. ट्रे कोरड्या झाडूने झाडली की भुकटी उडते आणि श्वासातून आत जाते. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बंद करायचं, ट्रे रिकामी करताना मास्क आणि हातमोजे घालायचे. रेंजमध्ये जेवणाचा डबा उघडायचा नाही. सराव संपल्यावर साबणाने हात, मग पाण्याची बाटली. आणि मुलं दोन्ही हात मोकळे ठेवायला छर्रे ओठांत धरतात, ती सवय पहिल्याच दिवशी मोडायची. आम्ही नवीन रेंज सोपवताना हात धुण्याचं बेसिन दाराजवळ आहे की नाही हे आधी बघतो. नसेल तर काम पूर्ण झालं असं म्हणत नाही.

छऱ्यांची विक्री साधी वाटते, पण तिच्यात कामाचा मोठा भाग जातो. ५०० छऱ्यांचा डबा, रोजचे शंभर, म्हणजे पाच दिवसांत संपतो. डोक्याचा व्यास ४.४८ ते ४.५२ मिमीपर्यंत वेगवेगळा येतो आणि कुठल्या नळीला कुठला मानवतो हे मारून बघितल्याशिवाय कळत नाही. रायफल शिकंजात बांधून दहा मीटरवर प्रत्येक लॉटचे (एकत्र बनलेल्या खेपेचे) दहा-दहा छर्रे मारायचे, भोकांचा गठ्ठा मोजायचा. ज्या लॉटचा गठ्ठा सगळ्यात लहान, त्याचेच दहा डबे एकदम घेतले की पन्नास दिवस लॉट बदलत नाही. डबा हातातून पडला तर त्यातले छर्रे स्पर्धेला वापरू नयेत, मागची पातळ कड वाकलेली असते आणि ते नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

ज्याला या खेळाची खरी ओढ आहे त्याची ओळख घरातल्या शिस्तीवरून पटते. बंदूक कुलपात, छर्रे दुसऱ्या कपाटात, किल्ली एकाकडेच. नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे आत छर्रा नसल्याची खूण. रोज वीस मिनिटं पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता घोडा दाबण्याचा सराव; स्पर्धेच्या रायफलीत त्यासाठी वेगळी सोय असते आणि हवा खर्च होत नाही. पावसाळ्यात फोमच्या पेटीत रायफल आठवडाभर बंद ठेवायची नाही. फोम ओल धरतो आणि घामाचा हात लागलेल्या जागी आधी गंज चढतो. हाताळल्यानंतर धातू कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा पुसट हात देऊन पेटीबाहेर कोरड्या कपाटात ठेवायची. नळीतून फेल्टचे बोळे मागून पुढे ढकलायचे. पुढून लोखंडी सळई घातली की तोंडाची कड खरचटते आणि मग कुठलाच लॉट गठ्ठा देत नाही. कॅनव्हासचं जॅकेट बटणं उघडून पंख्याखाली टांगायचं, नाहीतर आठ दिवसांत बुरशी.

स्पर्धेच्या आदल्या रात्रीची पिशवी आम्ही ग्राहकाबरोबर एकदा भरून बघतो. एकाच लॉटचे दोन डबे, ॲलन की, चार जादा ओ-रिंग, सेफ्टी फ्लॅग, ब्लाइंडर (नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी), बिल आणि उत्पादकाचं ऊर्जेचं प्रमाणपत्र. आणि भरण्याचा ॲडॉप्टर. प्रत्येक कंपनीच्या आट्या वेगळ्या असतात. परगावच्या रेंजवर हवा भरपूर असूनही ॲडॉप्टर नसल्यामुळे मूल रिकामा सिलिंडर घेऊन उभं, हे फार वेळा घडतं. विमानाने जायचं तर सिलिंडर रिकामा करून, रायफलीपासून काढून, काउंटरवर जाहीर करून सामानात द्यावा लागतो. एअर पिस्तूल असेल तर ट्रिगरचं वजन घरीच तपासायचं. नळी उभी, ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरच्या मध्यावर, सावकाश उचलायचं, ट्रिगर सुटता कामा नये. स्पर्धेच्या तपासणीत तीनच संधी मिळतात. आम्ही ५१० च्या आसपास लावून देतो आणि स्क्रूवर रंगाची रेघ मारतो. रेघ सरकलेली दिसली की स्क्रू ढिला झालाय.

सिलिंडरच्या वयाचं रजिस्टर ही आमची सगळ्यात अलीकडची भर. बहुतेक सिलिंडरवर उत्पादनाचं साल कोरलेलं असतं आणि दहा वर्षांनंतर तो वापरायचा नसतो. मुदत बघणं ही नेमबाजाचीच जबाबदारी, पण जुनी रायफल विकत घेणारा सहसा ते साल वाचत नाही. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक सिलिंडरचं साल आणि क्रमांक वहीत चढतो, मुदतीच्या तीन महिने आधी फोन जातो, कारण नवा मागवायला तेवढा वेळ लागतोच. मुदत संपलेला सिलिंडर भरून द्यायला आम्ही नकार देतो, कितीही ओळखीचा ग्राहक असला तरी. तो रिकामा करतो, व्हॉल्व्ह काढून घेतो, ड्रिलखाली धरून अंगाला आरपार भोक पाडतो आणि मगच मालकाच्या हातात परत देतो.