पांडवलेण्यातली कायम ठेव

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना ध्यानकेंद्रात दहा दिवस काय केलं, असं सगळे विचारतात. पहाटे चारला घंटा, आर्य मौन म्हणजे बोलणं बंद, गुडघ्यांची बोंब, संध्याकाळी मुरमुरे. झालं! मला तिथं खरं छळत होता तो खर्चाचा प्रश्न. १९७६पासून शिबिरं चालू आहेत, फी नाही. एक शिबिर पुरं केल्याशिवाय दान देतो म्हटलं तरी घेत नाहीत. अशी शाळा चालते कशी?

परतताना नाशिकला आत्याकडे उतरलो आणि तिला घेऊन पांडवलेणी चढलो. रविवारी जाऊ नये, एवढंच सांगतो. कोणत्या गुहेत भीम निजायचा यावर एक कुटुंब मोठमोठ्यानं भांडत होतं, आणि पांडवांचा इथं काडीचा संबंध नसताना! ही बौद्ध लेणी.

दहाव्या लेण्याची ओसरी मात्र सोडवेना. भिंतीवर ब्राह्मी लेख आहेत. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात इथं भिक्खूंना लेणं देतो आणि वर ३००० कार्षापण नाणी ठेवतो. रोख वाटत नाही, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे गुंतवतो. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, १००० दुसरीकडे शेकडा पाऊणनं. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी दरसाल प्रत्येकी बारा.

मी मोबाईलवरचं भाषांतर वाचत होतो. आत्याची हयात पतसंस्थेत गेलेली. तिनं तोंडीच गुणाकार केला. "महिना वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस माणसं, बारा-बारा. बरोबर बसतंय रे! मुद्दल मोडायचं नाही म्हणतोय ना? मग ही कायम ठेवच."

पुढं तर लिहिलंय की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत जाहीर करून दप्तरी नोंदवलं. तिथं ती खूश झाली. मला उषवदाताच्या दानशूरपणापेक्षा हा चोखपणाच भावला. ध्यान शिकवणाऱ्याला रोज कुणाच्या दारात हात पसरावा लागला, तर तो देणाऱ्याला रुचेल तेच शिकवू लागतो. धम्मगिरीत आधी शिकवतात, मग दान घेतात. माझ्या मते त्यांचं स्वातंत्र्य त्या क्रमात आहे.

उतरताना तिला सांगितलं, की ही शिबिरं सुरू करणारे गोएंकाजी स्वतः व्यापारी. डोकेदुखीवर इलाज शोधत १९५५ साली ते ज्यांच्याकडे गेले, ते ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते.

"मग हिशेब चोख असणारच," आत्या म्हणाली. पुढच्या शिबिराच्या तारखाही विचारल्या. दहा दिवस बोलायचं नाही, या कलमावर मात्र गाडी अडली.