घर सोबत, अंगण मागे

उन्हाळाभर या सरोवराकाठी आमचं चाकांवरचं घर उभं होतं. उद्या निघायचं. असं बसून कोणी ठरवलं नाही. एकाच दिवशी दोघांनी वेगवेगळी कारणं काढली आणि दोन्ही पटण्यासारखी होती. ह्याचं म्हणणं, गाडीच्या छतावरच्या सौर पॅनेलवर बॅटरी आता संध्याकाळपर्यंत पूर्ण भरत नाही. माझं म्हणणं, ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूनं बाहेर ओढायचं कापडी छप्पर, सकाळी इतकी ओली असते की दहा वाजेपर्यंत तिच्याखाली बसवत नाही.

मुळात कारण एकच आहे, सूर्य. २१ जूनच्या दुपारी तो जितका वर असतो, त्याहून सप्टेंबरच्या विषुवदिनी जवळजवळ २३ अंश खाली. पॅनेल छतावर आडवं पडलेलं, त्याच्यावर ऊन तिरकं येतं आणि तेही कमी वेळ. ५० अंश उत्तर अक्षांशावर जूनमधला सोळा तासांहून मोठा दिवस विषुवदिनापर्यंत बारा तासांवर येतो. गंमत अशी की जुलैत हे कळतही नाही. शेवटी शेवटी मात्र दिवस रोज डोळ्यांदेखत आखूड होतो. रात्र लांबली, आकाश निरभ्र राहिलं की दव आलंच.

ऑनिंग आजच, ऊन असताना गुंडाळली. ओली गुंडाळली तर बुरशी धरते आणि पुढच्या मुक्कामी उघडली की कुबट वास येतो. खरं सांगायचं तर निरोप तिथेच झाला. गाडीला ऑनिंग असली की तिच्यापुढची जमीन आपली वाटते. खुर्च्या, चटई, दोरीवरचे टॉवेल, तिघाचौघांना पुरेल एवढी सावली. ती मिटली आणि एकदम नुसती उभी केलेली गाडी दिसायला लागली.

लोकांना वाटतं, तुमचं काय, घरच चाकांवर, तुम्हाला कसला आलाय निरोप. माझा अनुभव उलटा आहे. एरवी प्रवासातली आवडती जागा सुटते तेव्हा निदान घरी जायचं असतं. इथे घर सोबतच येतं. तीच गादी, तोच दिवा, तोच दाराचा अडकणारा खटका. बदलतं फक्त खिडकीबाहेरचं. त्यामुळे जे सुटतं ते नेमकं काय, हे लपवता येत नाही. अंगण सुटतं.

चटई उचलली तर खाली गवताचा पिवळा चौकोन. उन्हाळाभर उजेड मिळाला नाही की हिरवेपणा जातोच. मला ओशाळल्यासारखं झालं. हा म्हणाला, मुळं जिवंत आहेत, दोन पावसांत भरून येईल. येईलही. पण आम्ही इथे होतो याची तेवढीच खूण राहणार आणि तीही नाहीशी व्हावी अशीच इच्छा धरायची, हे मला जरा जड गेलं.

बाकीची कामं यांत्रिक आहेत आणि ते बरंच आहे. सिलिंडरची झडप बंद, छताच्या खिडक्या बंद, पायरी आत, कपाटांचे खटके. पाण्याची टाकी पूर्ण भरायची नाही. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, ते उगाच चढावर कशाला ओढायचं? सांडपाणी वाटेत, नेमून दिलेल्या जागीच सोडायचं. चाकांखालचे ठोकळे सर्वांत शेवटी काढायचे. जमीन सरोवराकडे किंचित उतरती, त्यामुळे आलो त्या दिवशी गाडी समतल करण्यात निम्मी दुपार गेली होती. आमचा फ्रिज गॅसवरचा. त्याला कॉम्प्रेसर नाही, आतलं अमोनियाचं द्रावण गॅसच्या उष्णतेनं वर चढतं आणि नळ्यांच्या उतारावरून आपोआप खाली येतं. गाडी बरीच कलली तर ते अडतं आणि फ्रिज थंड करणं सोडून देतो. आता त्या ठोकळ्यांवरून उतरताना गाडी पुन्हा जमिनीच्या उताराची होईल. (हे असलं काही मला एरवी सुचत नाही. आवराआवरीच्या दिवशी सगळ्याच गोष्टींना अर्थ फुटतात.)

संध्याकाळी पाण्यात उतरले. हवा गार, पाणी कोमट. पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं, म्हणून उन्हाळा हवेतून गेला तरी सरोवरात मागे राहतो. सकाळचं धुकं त्यातूनच निघतं. पण पोहताना पाय खाली सोडले की अजूनही एकदम गारठा लागतो. वरचं उबदार पाणी हलकं, खालचं थंड पाणी जड, त्यामुळे दोन्ही थर वेगळेच राहतात. आम्ही गेल्यावर वरचं निवेल, जड होऊन खाली बसेल आणि वाऱ्यासोबत अख्खं सरोवर ढवळलं जाईल. तळाला पुन्हा प्राणवायू पोहोचेल. म्हणजे जागेचं वर्षातलं मोठं काम आपण निघाल्यावर सुरू होतं. मला हे आवडलं. आपल्याशिवाय ओस पडणाऱ्या जागेपेक्षा, पाहुणे गेले की कामाला लागणारी जागा बरी.

शेजारच्या कॅरव्हॅनमधले आजोबा शेवटपर्यंत थांबणार आहेत, दरवर्षीप्रमाणे. ते म्हणतात, गर्दी ओसरल्यावरच ही जागा खरी कळते. असेल. मला मात्र जागेनं हाकलेपर्यंत बसून राहणं पटत नाही. ओल्या चपला, बंद नळ आणि सतत चालणारा हीटर यांच्या आठवणी उन्हाळ्यावर चढवायच्या कशाला? आजोबा हसले. म्हणाले, उद्या गाडी मागे घेताना मी उभा राहतो, त्या झाडाच्या बाजूला तुम्हाला दिसत नाही.

भिंगऱ्याही तारेवर जमू लागल्यात. त्या दिवसा प्रवास करतात आणि उडता उडताच किडे टिपतात, बरोबर काही नेत नाहीत. घरटं इथेच ठेवून जातात आणि पुष्कळदा त्याच घरट्यावर परततात. आमचं बरोबर उलटं चाललंय. आम्ही घरटं नेतोय.

पुढच्या वर्षी हीच जागा राखून ठेवू या, असं ह्याचं चाललंय. मी नको म्हटलं. परत येईन, पण पाटी वाचून जागा शोधत, नवखी होऊन येईन. राखून ठेवलेल्या जागेकडून आपण मागच्याच उन्हाळ्याची वसुली करायला लागतो. ह्याला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, मग येऊन ही झाडाखालची जागा दुसऱ्याला मिळालेली बघत बसशील. बसेन की.

वाद अर्धवट राहिलाय आणि उद्या रस्त्यात तो पुरेल. टायरमधली हवा तपासायची आहे, उन्हाळाभर एकाच जागी उभी होती गाडी. ते उजेडात करू.