होमरच्या समुद्रात हॅलिबटच्या मागावर

पहाटेचे पावणेसहा वाजले होते आणि सूर्य उगवून जवळजवळ तास झाला होता. अलास्कातल्या होमर गावाच्या बंदरात धक्क्यावरून बोटींकडे उतरणारा लोखंडी पूल इतका उभा झाला होता, की कठडा घट्ट धरून, पाय आडवे टाकत उतरावं लागलं. ओहोटी चालू होती आणि पाणी अजून दोन तास उतरणार होतं. इथल्या कॅचमॅक उपसागरात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ८ मीटरच्या आसपास जातो. बोटी बांधलेला तरंगता धक्का पाण्याबरोबर खाली जातो, काठावरचा जागच्या जागी राहतो, आणि मधला पूल कलत जातो. दुपारी परतलो तेव्हा त्याच पुलावरून माशांची हातगाडी सपाट रस्त्यावर ढकलावी तशी वर नेली.

माझी मावसबहीण, म्हणजे ताई, आणि भावोजी अँकरेजला राहतात. तीन वर्षं फोनवर ताईचं एकच पालुपद होतं, "तू ये तर खरी, तुला हॅलिबट पकडायला नेते." हॅलिबट म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा मोठा चपटा मासा. यंदा जूनमध्ये योग आला. अँकरेज ते होमर साधारण ३५५ किलोमीटर. आधी टर्नअगेन आर्मच्या खाडीकाठाने, मग डोंगरातून केनाई नदीच्या सोबतीने आणि शेवटी कुक इनलेट या आखाताच्या कडेने. निनिलचिक गावाच्या पुढे उजव्या हाताला समुद्रापलीकडे रिडाउट आणि इलियाम्ना हे दोन ज्वालामुखी बर्फ पांघरून उभे असतात. त्या रस्त्यावर एक वेगळा लेख होईल, इथे मात्र थेट होमरला पोचते.

होमर म्हटलं की 'स्पिट'. गावातून निघून समुद्रात थेट ७ किलोमीटर घुसलेली वाळू-गोट्यांची चिंचोळी पट्टी. बंदर तिच्या टोकाजवळ. २७ मार्च १९६४ च्या भूकंपात (तीव्रता ९.२) ही पट्टी दीड मीटरच्या आसपास खचली. नंतर भराव घालून, दगड टाकून ती सावरली. आज तिच्यावरून गाडी चालवताना दोन्ही बाजूंना पाणी दिसतं आणि आपण जमिनीवर आहोत यावर विश्वास बसत नाही. टोकाकडे समुद्रात गेलेल्यांचं एक स्मारक आहे, आत घंटा टांगलेली. आदल्या संध्याकाळी आम्ही तिथे थोडा वेळ बसलो. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात जायचं होतं म्हणून असेल, पण तिथून लवकर उठवेना.

परवाने ताईने आधीच ऑनलाइन काढून ठेवले होते. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या कोणत्याही पाहुण्याला परवान्याशिवाय गळ टाकता येत नाही. भाड्याच्या बोटीवर माणशी किती मासे ठेवायचे आणि त्यातल्या एकाची लांबी किती चालेल, हे वर्षागणिक बदलतं. हॅलिबटचा हिशोब ठेवायला अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून १९२३ साली एक आयोग स्थापन केला. तो आजही समुद्रात हॅलिबट किती आहेत याचा अंदाज घेतो आणि मर्यादा सुचवतो. शंभर वर्षं दोन देश एका माशासाठी एकत्र बसतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बोट साडेसहाला सुटली. आम्ही सहा जण, कप्तान आणि त्याची मदतनीस, पंचविशीतली एक मुलगी. उपसागर शांत होता. पाठीवर झोपलेले समुद्री ऑटर (पाणमांजरं) बोटीच्या लाटांवर वरखाली होत आमच्याकडे बघत राहिले. बाहेरच्या पाण्यात आल्यावर बोट डोलायला लागली. मळमळीची गोळी रात्री एक आणि पहाटे एक घेतलेली होती, तिचा उपयोग झाला. बोटीवर चढल्यावर घेतलेल्या गोळीचा काही उपयोग नसतो, हे ज्यांना जायचं आहे त्यांनी नक्की लक्षात ठेवा.

आठच्या सुमारास नांगर पडला. खाली ६० मीटर पाणी. ही वेळ कप्तानाने मुद्दाम साधली होती. ओहोटी संपून भरती लागायच्या आधी पाणी थोडा वेळ थबकतं, आणि तेवढ्या वेळात दोराला वजन म्हणून बांधलेलं शिसं सरळ तळाला जाऊन तिथे टिकतं. एरवी या पाण्याची ओढ एवढी असते, की सव्वा किलोचं शिसंही दोर तिरपा करत वाहून जातं. हॅलिबट तळाचा मासा असल्याने तळापासून वर लटकणाऱ्या आमिषाचा फारसा उपयोग नाही. मदतनीस मुलीने गळाला अर्धा हेरिंग मासा आणि वर ऑक्टोपसचा चिवट तुकडा लावला. हेरिंगचा वास त्याला बोलावतो, आणि ऑक्टोपस चिवट असल्यामुळे लहानसहान माशांनी कुरतडूनही गळावर टिकतो.

तिने एकच सूचना दोनदा दिली. मासा लागला असं वाटलं की झटका द्यायचा नाही. थांबायचं, काठी आपोआप वाकू द्यायची आणि मग सावकाश रीळ फिरवायचं.

याचं कारण गळाच्या आकारात आहे. हा गळ नेहमीच्या इंग्रजी जे अक्षरासारखा नसतो, जवळजवळ पूर्ण गोल असतो, टोक आत वळलेलं. मासा आमिष गिळून वळला की गळ घशातून घसरत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो. झटका दिला तर अडकायच्या आतच बाहेर येतो. माशाच्या दृष्टीनेही हे बरं, कारण सोडायचा झाला तर गळ जबड्यालाच अडकलेला असतो, पोटात गेलेला नसतो. आग्नेय अलास्कातले त्लिंगित लोक फार पूर्वीपासून हॅलिबटसाठी लाकडी गळ कोरत आले आहेत. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन फांद्या, एका फांदीला आत वळलेला हाडाचा काटा, दुसरीवर कोरलेला प्राणी. दोन फांद्यांमधली फट अशी ठेवायची की फार लहान आणि फार मोठा मासा त्यात अडकतच नाही. ताईने मला त्यांचे फोटो दाखवले होते, पण त्यामागची अक्कल हातात गळ आल्यावर कळली.

सूचना ऐकली होती, समजलीही होती. तरी पहिल्यांदा दोराला ठक-ठक झालं आणि माझे दोन्ही हात काठीसकट वर गेले. क्षणभर जड लागलं आणि मग काहीच नाही. ६० मीटर दोर गुंडाळून वर काढला, तर गळ रिकामा. मुलीने काही न बोलता नवं हेरिंग लावलं.

दुसऱ्यांदा ठक-ठक झालं तेव्हा मी काठी कठड्यावर टेकवली आणि हात गच्च आवळून उभी राहिले. ठक. पुन्हा ठक. मग काठीचं टोक एकदम पाण्याकडे गेलं आणि वर आलंच नाही. आता रीळ. हॅलिबट इतर माशांसारखा इकडेतिकडे पळत नाही, त्याला फक्त खाली जायचं असतं. काठी सावकाश वर उचलायची, खाली आणताना चार वळसे गुंडाळायचे, पुन्हा उचलायची. दहा मिनिटांत दंड भरून आले. पाण्यात फिकट हिरवा ठिपका दिसायला लागला, तो पसरत ताटाएवढा झाला, परातीएवढा झाला, आणि पृष्ठभागाचा उजेड दिसताच मासा उलटा फिरून पुन्हा वीस मीटर खाली गेला. भावोजी मागून म्हणाले, "जाऊ द्या, त्याला ओढू नका, दमेल तो." तो दमला. ८५ सेंटीमीटर लांबीचा, आठेक किलोचा.

त्याला जवळून पाहणं हा सगळ्या सहलीतला माझा सर्वात मोठा आनंद. वरची बाजू तळाच्या चिखलासारखी तपकिरी-हिरवी, नक्षीदार, खालची शुभ्र. दोन्ही डोळे एकाच, वरच्या बाजूला, थोडे बाहेर आलेले. हा मासा अंड्यातून निघतो तेव्हा इतर माशांसारखाच सरळ पोहतो, एकेक डोळा दोन्ही बाजूंना. वाढता वाढता, साधारण बोटाच्या पेरापेक्षा मोठा होईपर्यंत, डावा डोळा डोक्यावरून सरकत उजवीकडे येतो. मग तो डाव्या अंगावर आडवा होतो आणि आयुष्यभर तसाच तळाशी राहतो. तोंड मात्र पूर्ण वळत नाही, थोडं वाकडंच राहतं. त्या वाकड्या तोंडाकडे मी बराच वेळ बघत होते.

ताईला एक लहान मिळाला, ६५ सेंटीमीटरचा. असल्या लहानांना इथे 'चिकन' म्हणतात, आणि दाराच्या फळीएवढ्या मोठ्याला 'बार्न डोअर'. शेजारच्या गृहस्थांना एक चपटा मासा लागला, ते खूश झाले, पण कप्तानाने मान हलवली. तो अ‍ॅरोटूथ फ्लाउंडर होता, मोठे टोकदार दात असलेला. दिसायला हॅलिबटचा भाऊ, पण त्याच्या मांसात असं एक विकर (एन्झाइम) असतं की चूल तापली की मांस आतूनच विरघळून लगदा होतो. तो परत पाण्यात गेला.

भावोजींचा मासा वर यायला अर्धा तास लागला. बोटीच्या कडेला पाण्यात तो आडवा दिसला तेव्हा सगळे गप्प झाले. जवळजवळ दीड मीटर. एवढा मोठा मासा थेट आत घेतला तर शेपटीच्या फटक्याने माणसाचा पाय मोडतो, म्हणून आधी हार्पून मारतात. कप्तान हार्पून हातात घेऊन थांबला आणि त्याने भावोजींकडे पाहिलं. हॅलिबटचे नर एवढे मोठे क्वचितच होतात, म्हणजे ही मादी असणार, आणि अशी मादी एका हंगामात लाखांनी अंडी घालते. नियमाने ठेवता आली असती. भावोजींनी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "अहो, आपल्याला खायला पुरेसं आहे." कप्तानाने लांब दांड्याच्या आकड्याने पाण्यातच गळ फिरवून काढला. ती क्षणभर तशीच राहिली, मग कडा एकदा लाटेसारखी हलली आणि ती खाली गेली. भावोजींना त्याची हळहळ नाही, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.

आता स्वयंपाकाचं. तो बोटीवरच सुरू होतो. मासा वर आला की लगेच डोक्यावर फटका, कल्ले कापून रक्त काढायचं आणि बर्फात. फार वेळ झटापट करून तडफडत राहिलेल्या माशाच्या मांसात आम्ल साठतं आणि शिजवल्यावर ते खडूसारखं पांढरंफटक, कोरडं होतं. बाजारातल्या माशाचं काय झालं ते आपल्याला कळत नसतं. इथे ते आपल्या हातात असतं.

धक्क्यावर मासे साफ करताना मदतनीस मुलीचा सुरा बघण्यासारखा होता. मधल्या रेषेवर एक उभा छेद, मग पात कण्यापासून कडेपर्यंत काट्यांवर घासत न्यायची. वरच्या बाजूच्या दोन, खालच्या दोन, अशा चार लांब तुकड्या निघतात. वरच्या जाड, खालच्या पातळ. शेवटी डोक्यातून गालाचे दोन गोल तुकडे काढले, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे, ते वेगळ्या पिशवीत.

भाड्याच्या घरात छोटी चूल आणि एकच लोखंडी तवा होता. गाल आधी केले. त्याचे धागे खेकड्याच्या मांसासारखे लांब असतात. लोणी तापवून दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिनिट, वर मीठ आणि लिंबू. बस. आम्ही तवा टेबलावर आणून उभ्या उभ्याच संपवले.

जाड तुकडी जरा अवघड. हॅलिबटमध्ये चरबी फार कमी, त्यामुळे दोन मिनिटं जास्त झाली की सुकतो. तुकडीला अर्धा तास आधी मीठ लावलं, मग कागदाने अगदी कोरडी केली. तवा चांगला तापवून तेल, त्यावर तुकडी, आणि मग तिला हात लावायचा नाही. ताईने उलथणं पुढे केलं, मी तिचा हात धरला. "थांब गं, स्वतःहून सुटेल." चार मिनिटांनी कडेला सोनेरी रेघ दिसली आणि तुकडी तव्यावरून सहज सरकली. उलटून लोणी टाकलं, चमच्याने ते वर सोडत राहिले आणि मधे अजून किंचित पारदर्शक दिसत होतं तेव्हाच उतरवली. थर्मामीटर असेल तर मधे ५७ अंशांवर उतरवा, बाकीचं काम आतली वाफ करते. काटा लावला तर जाड, ओलसर पाकळ्या सुटल्या.

दुसऱ्या दिवशी लहान माशाचं ताईने इथलं घरगुती 'हॅलिबट ऑलिंपिया' केलं. खाली कांद्याचे काप, वर मासा, त्यावर मेयोनीज आणि सावर क्रीमचा थर, पावाचा चुरा, आणि ओव्हन. चविष्ट होतं, पण मला तव्यावरचाच आवडला. एवढा ताजा मासा क्रीमखाली झाकावासा वाटला नाही.

साफ करताना त्या मुलीने माझ्या माशाच्या डोक्यातून कानातला खडा काढून दिला होता. पांढरा, चपटा, नखाएवढा. झाडाच्या खोडात असतात तशी यात वर्षाची वर्तुळं असतात, आणि त्यावरूनच हॅलिबटचं वय मोजतात. ५५ वर्षांपर्यंतचे मोजले गेले आहेत. रात्री अकरा वाजले होते, खिडकीत अजून उजेड होता. भावोजींचं भिंग घेऊन मी नऊपर्यंत मोजली. ताईने मोजली तर दहा आली. आम्ही दिवा जवळ ओढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.