सिरोडिलमधलं जंगल: तुम्ही विचारलंत म्हणून

"खेळच की तो. त्यातला इतिहास कुणीतरी बसून रचलेला. त्यातल्या चुकांपायी वह्या कसल्या भरूलास?" बेळगावात टिळकवाडीतल्या चहाच्या गाड्यापासून सासुरवाडीपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. आजवर टाळत आलो. आता एकदा सांगतो.

रचलेला आहे, मान्य. पण एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेमच्या मालिकेचा इतिहास खेळातल्याच माणसांच्या तोंडून आणि पुस्तकांतून कळतो, आणि ती माणसं एकमेकांना खोडतात. सिरोडिल हा साम्राज्याचा मधला प्रांत. मालिकेतल्या १९९८ च्या रेडगार्ड या खेळासोबत आलेल्या पुस्तिकेत तिथं घनदाट जंगल आहे. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये त्याच प्रांतात फिरा, गवताळ टेकड्या आणि थंड हवेतली झाडी. जंगल गेलं कुठं?

कॉलेजात असताना मी म्हणायचो, नव्हतंच. नवा खेळ खरा, जुनं रद्द. सोपं होतं ते.

खानापूरचा माझा एक मित्र होता. २०१२ च्या पावसाळ्यात माझ्या खोलीत आम्ही पाळीपाळीनं स्कायरिम, मालिकेतलाच पुढचा खेळ, खेळायचो. त्यानं दोनशे पानी वहीत सिरोडिलवर एक लांबलचक गोष्ट लिहिली, मराठीत. त्यात जंगल होतं, आणि पाऊस थेट खानापूरचा: चार महिने न वाळणारे कपडे, कौलांवरचं शेवाळ, चिखलात रोप लावणाऱ्या बायका. त्यानं वही मला एकट्याला वाचायला दिली. मी लाल पेन घेतलं. पानापानावर लिहिलं, 'चूक. इथं जंगल नाही.' तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. संध्याकाळी खोलीत चारपाच जण जमले तेव्हा मी ती पानं मोठ्यानं वाचली, माझ्या शेऱ्यांसकट. ते हसले. हा काही बोलला नाही. वही माझ्या हातातून घेतली, कॅरीबॅगमध्ये घातली, बाहेर पाऊस म्हणून पिशवीला दोन गाठी मारल्या आणि खानापूरची बस धरायला गेला. त्या गाठी मारताना बोटं घसरत होती, ते मी बघत उभा होतो.

तो पुन्हा खोलीवर आला नाही.

दीड वर्षानं एकटाच खेळत होतो. व्हाइटरन गावात टॅलोसच्या पुतळ्यापुढं हाइम्सकर नावाचा पुजारी दिवसभर ओरडत असतो. त्याच्या अंगावरून आम्ही शंभरदा गेलो असू. त्या दिवशी थांबलो आणि ऐकलं. टॅलोस, म्हणजे देव झालेला सम्राट टायबर सेप्टिम, आपल्या सैनिकांना सांगतो की तुम्हाला या जंगलाचा किती तिटकारा आहे ते मला दिसतंय, आणि मग ती भूमीच बदलून टाकतो. म्हणजे जंगल होतं. पुरावा माझ्याच खोलीत, माझ्याच स्पीकरवर रोज वाजत होता.

वह्या तेव्हापासून भरतो. काहीही खोडण्याआधी दुसऱ्याचं म्हणणं पूर्ण लिहून काढतो.

तरी तेव्हाचा मी अजून भांडतो माझ्याशी. याच मालिकेतला २०१४ चा ऑनलाइन खेळ टायबर सेप्टिमच्या जन्माच्या जवळजवळ अडीचशे वर्षं आधी घडतो आणि सिरोडिल तिथंही जंगलाविनाच आहे. त्यातला एक पंडित तर लिहितो की जंगल ही जुन्या मजकुराची नक्कल उतरवताना झालेली चूक. मग पुजारी खोटा? की पंडित? दोन्ही बाजूंनी लिहून बघितलंय. बसत नाही.

कुणी म्हणतं, सीमाभागातला म्हणून तुला हे खुपतं. आजीच्या दाखल्यावर मुंबई राज्य, माझ्या दाखल्यावर बेळगाव, २०१४ नंतर जन्मलेल्या मुलीच्या दाखल्यावर बेळगावी, आणि घर तेच. असेल तसंही. पण सीमाप्रश्नात माणसांनी लाठ्या खाल्ल्या, जीव गेले. खेळाच्या तराजूत तो मी घालणार नाही.

मागच्या पावसाळ्यात मित्राला फोन केला. माफी मागितली, हाइम्सकरचं सांगितलं. वही आहे का विचारलं. आहे म्हणाला. बघायला मिळेल का, यावर बराच वेळ नुसता पावसाचा आवाज येत राहिला.

"त्या पुजाऱ्याचं मला तेव्हाच ठाऊक होतं रे," तो म्हणाला. "तू विचारलास कुठं?"